‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर: मृत्यू वाईट की नैसर्गिक, आणि घरात करायचं काय?

प्रश्न असा आहे. वडील ७४ वर्षांचे, जठराचा कॅन्सर यकृतात पसरलेला. केमो थांबवली आहे आणि हॉस्पिटलने ‘आता घरी घेऊन जा’ असं सांगितलं आहे. काकांचं म्हणणं, मरण हा निसर्गाचाच भाग आहे, आता काही करायला नको. आईचं म्हणणं, सलाईन लावा, नाकातून नळी घाला, पण त्यांना उपाशी ठेवू नका. आणि मुलगी विचारते आहे की मृत्यू ही वाईट गोष्ट आहे की आयुष्याचा नैसर्गिक भाग, आणि उत्तर काहीही असलं तरी आम्ही घरात नेमकं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देते. या वयात, या आजारात, या टप्प्यावर येणारा मृत्यू नैसर्गिक आहे. त्यात कोणाची चूक नाही, कोणाचा हलगर्जीपणा नाही. पण नैसर्गिक म्हणजे आपोआप शांत, असं मुळीच नाही. कॅन्सरचं दुखणंही नैसर्गिकच असतं. बेडसोर, आठ-आठ दिवस न होणारी शौच, कोरडं पडून चिरलेलं तोंड, हेही सगळं नैसर्गिक. काकांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक. करण्यासारखं भरपूर आहे. फक्त आई म्हणते ते नव्हे.

निसर्गाच्या नावावर आपण पूर्वी बरेच मृत्यू खपवले आहेत. कोकणात विंचू चावून माणसं दगावायची, त्यातही लहान मुलं, आणि ते नशीब मानलं जायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून दाखवलं आणि गंभीर रुग्णांत जिथे शंभरातले तीस-चाळीस जात होते तिथे एखाद-दुसरा जाऊ लागला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू झपाट्याने खाली आले. ते मृत्यू वाईटच होते, कारण ते टाळता येत होते आणि समोरचं सगळं आयुष्य हिरावून नेत होते. तिशीतल्या बाईच्या बाळंतपणातल्या मृत्यूला कोणी ‘निसर्गनियम’ म्हणू लागलं तर त्याला तिथेच अडवावं.

तुमच्या वडिलांचा मृत्यू टळणारा नाही. त्यांच्याकडून आता हिरावलं जाऊ शकतं ते राहिलेल्या आठवड्यांतलं स्वास्थ्य. ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस म्हणायचा की आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला? युक्तिवाद बिनतोड आहे, पण अंथरुणाला खिळलेली बहुतेक माणसं ‘नसण्याला’ भीत नाहीतच. ती दुखण्याला भितात, गुदमरण्याला भितात, पोराबाळांवर ओझं होण्याला आणि एकटं पडण्याला भितात. यातल्या प्रत्येक भीतीवर काही ना काही करता येतं, आणि ते घरी करता येतं.

पहिलं दुखणं, कारण ते आटोक्यात नसेल तर बाकीचं काहीच सुचत नाही. या टप्प्यावर पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल बहुधा पुरत नाहीत. ट्रामाडॉलची दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना ३००. त्यापुढे गोळ्या वाढवून आराम वाढत नाही, फक्त मळमळ आणि चक्कर वाढते. अशा वेळी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन लागतं. ते महाग नाही. ते मिळत नाही, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येतं, तिथल्या प्रशिक्षित डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते मिळतं, आणि पेशंटला कुठला परवाना लागत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चौकशी करत बसू नका. कॅन्सर हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह विभाग, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा विभाग, गाठा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे, वांद्र्याला १९८६ पासूनचं शांती आवेदना सदन आहे, ज्याची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारजे इथे १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. आज पेशंटला हलवता येत नसेल तरी कागदपत्रं घेऊन घरचं माणूस जाऊन भेटू शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी घरी येणारी टीमही असते.

डोस डॉक्टर ठरवतील. तरी हिशेब तुम्हाला कळला पाहिजे, कारण रात्री दोन वाजता गोळी तुम्हीच देणार आहात. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून ते घड्याळावर द्यायचं: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅमने होते, म्हणजे १० ची अर्धी गोळी. फार अशक्त किंवा वयस्कर माणसाला २.५ ने. रात्री दहाचा डोस दुप्पट दिला की दोनचा चुकवता येतो आणि सगळ्यांना झोप मिळते. मधेच कळ आली तर तेवढाच एक जादा डोस द्यायचा आणि तो वहीत लिहायचा. पुढचा ठरलेला डोस मात्र वेळेवरच, जादा दिला म्हणून टाळायचा नाही. गोळी लागू पडायला अर्धा तास लागतो. म्हणून अंग पुसायचं, कूस बदलायची किंवा ड्रेसिंग करायचं असेल तर जादा डोस त्याआधी अर्ध्या तासाने द्यावा. दिवसात तीन-चार जादा डोस लागले तर वही घेऊन डॉक्टरांना फोन करा, ते त्या बेरजेवरून मूळ डोस वाढवतात.

‘दुखलं की द्या’ या पद्धतीने मॉर्फिन फसतं, आणि बहुतेक घरांत तीच पद्धत पडते. माणूस कळ सोसतो, सांगत नाही, मग एकदम कळवळतो, मग गोळी, मग अर्धा तास वाट, मग दोन तास बरं, की पुन्हा तेच. या चक्रात माणसाला सारखी गोळीची आठवण येत राहते आणि नातेवाईक म्हणतात, बघा, सवय लागली. ते व्यसन नसतं. डोस कमी पडत असतो, एवढंच. दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं दुर्मीळ आहे, आणि ज्याच्याकडे आठवडे उरलेत त्याच्या बाबतीत ती काळजी करण्यात अर्थही नाही. मॉर्फिन दिल्यामुळे मरण लवकर येतं, हीही समजूत काढून टाका. पायरीपायरीने वाढवलेल्या डोसने श्वास थांबत नाही.

दुष्परिणाम तीन, आणि तिन्हींची तयारी आधीच असावी. मळमळ पहिल्या आठवड्यात होते आणि जाते. तेवढे दिवस उलटी थांबवणारी गोळी सोबत घ्या. गुंगी दोन-तीन दिवस असते. बरेचदा ती आठवड्यांची थकलेली झोप असते, घाबरून गोळी बंद करू नका. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, मॉर्फिन आहे तोवर राहतं. म्हणून पहिल्याच रात्रीपासून बिसाकोडिलसारखं आतड्यांना हालचाल देणारं रेचक सुरू हवं. इसबगोल इथे उलटं काम करतं. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा गोळा होतो आणि वाट आणखी बंद होते. जेवण थांबलं तरी शौच थांबत नाही. तीन दिवस झाली नाही तर कळवा. म्हातारा माणूस अचानक बडबडू लागला, अंथरुणात तळमळू लागला, तर बरेचदा कारण गच्च झालेलं मलाशय किंवा तुंबलेली लघवी हेच निघतं.

एक खूण लक्षात ठेवा. हातापायांना झटके, दचके येऊ लागले, झोप नेहमीपेक्षा खोल वाटू लागली आणि लघवी कमी झाली, तर किडनी मंदावल्यामुळे मॉर्फिन साठतं आहे. हाक मारूनही माणूस उठत नाही आणि मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास आहेत, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन. मनाने एकदम बंद करणं मात्र कधीच नको, दुखणं दुप्पट जोराने परततं. गिळता येईनासं झालं तर त्वचेखाली इंजेक्शन देता येतं. त्वचेवर चिकटवायच्या फेंटानिलच्या (मॉर्फिनसारखंच दुखणं थांबवणारं औषध) पट्टीचाही पर्याय आहे. ती तीन दिवस चालते, पण लागू पडायला अर्धा ते एक दिवस घेते, तोवर मॉर्फिन चालू ठेवावं लागतं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, उष्णतेने औषध एकदम अंगात शिरतं.

धाप लागत असेल तर त्यालाही थोडं मॉर्फिनच उपयोगी पडतं. सोबत टेबलफॅन थेट गालांवर आणि नाकावर वारा येईल असा लावा, खिडकी उघडा, पाठीशी उशा देऊन पुढे झुकवून बसवा. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी नसेल तर सिलिंडरने फरक पडत नाही, फक्त तोंड कोरडं पडतं.

आता आईचा मुद्दा. हा सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होतं. पन्नास वर्षं ज्या बाईने नवऱ्याला वाढलं तिला ‘आता भरवू नका’ असं तोंडावर सांगणं क्रूर आहे. तिला नीट समजावून सांगा की ते न खाल्ल्यामुळे मरत नाहीयेत, ते मरणाच्या वाटेवर आहेत म्हणून खाऊ शकत नाहीयेत. शेवटच्या आठवड्यांत शरीर अन्न वापरू शकत नाही. भूक खरोखर मावळते आणि ती मावळल्याचा त्रास पेशंटला होत नाही, बघणाऱ्याला होतो. १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध ठरवून सोडलं होतं. इथे तसा कोणताही निर्णय नाही, शरीरच हळूहळू आवरतं घेतं आहे.

सलाईनचं गणित आईला कागदावर मांडून दाखवा. ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. धड एका भाकरीएवढंही बळ त्यात नाही. साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बळ शून्य. निरोगी माणसाचं शरीर जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकतं. तुमच्या वडिलांच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रथिन, आजाराने खाली आलेलं असणार, त्यामुळे ते पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं. पाय सुजतात, पोटात पाणी भरतं, फुप्फुसात साचतं, छाती घरघरू लागते. शिर सापडेना म्हणून हाताची चाळण होते ती वेगळीच. सलाईन लावल्यावर ‘धाप वाढली’ म्हणून पुन्हा हॉस्पिटल, तिथे आयसीयू, मग काचेबाहेर बसलेले तुम्ही आणि आत एकटे ते. कितीतरी घरांत शेवट असा हातचा निसटतो, आणि सुरुवात एका बाटलीपासून झालेली असते. अपवाद आहे: चांगलं बोलतं-चालतं असलेलं माणूस जुलाब-उलट्यांनी किंवा तापाने अचानक कोरडं पडलं असेल, तर दोन दिवस सलाईनने खरंच उभारी येते. ते त्वचेखालूनही हळूहळू देता येतं, शिर शोधावी लागत नाही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ‘हे कशासाठी देतोय आणि दोन दिवसांनी फरक नाही पडला तर थांबवायचं का?’

नाकातल्या नळीने आयुष्य वाढत नाही, जठराच्या कॅन्सरमध्ये तर तिच्यातून घातलेलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती जास्त. शिवाय पेशंट नळी ओढतात म्हणून हात बांधायची वेळ येते. पाहवत नाही असं दृश्य असतं ते.

मग आईने काय द्यायचं? त्यांना हवं ते, हवं तेव्हा, दोन चमचे. पेजेची वरची निवळ, वरणाचं पाणी, सोलकढी, आईस्क्रीम, बर्फाचा छोटा खडा. पथ्य संपलं, मधुमेहाचंही बहुतेक. बसतं करून, हनुवटी किंचित खाली ठेवून, एक घोट गिळला की दुसरा. गिळताना ठसका लागू लागला किंवा घास गालात तसाच राहू लागला की भरवणं थांबवायचं. त्यानंतरचा घास फुप्फुसात जाण्याची भीती असते.

भरवणं थांबलं की तोंडाची निगा आईकडे सोपवा. हे काम दुय्यम समजू नका. शेवटच्या दिवसांत ‘तहान’ म्हणून जे जाणवतं ते बहुतांशी कोरडं तोंड असतं आणि बाटलीभर सलाईनने ते ओलं होत नाही. दर दोन तासांनी, श्वास तोंडाने चालू असेल तर तासाला: स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळा, पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी ओठांच्या आतून, मग गालांच्या आतून, मग जिभेवरून मागून पुढे फिरवा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घातला तर चिकट थर सुटतो. ओठांना तुपाचं बोट लावा. मात्र ऑक्सिजन चालू असेल तर तूप किंवा व्हॅसलिन नको, पाण्यावर आधारलेलं जेल लावा, कारण तेलकट पदार्थ ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकतो. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे, तोंडात लावायच्या औषधाने आठवड्यात जाते. चव परत येते, कधी कधी दोन घास खाल्लेही जातात.

पाठीसाठी हवेची गादी आणा, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका. दर दोन तासांनी, दोघांनी आडव्या चादरीने उचलून, फरफटत नाही. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. लाल झालेल्या जागेवर मालीश करू नका, आतली त्वचा फाटते. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची पूड ड्रेसिंगमध्ये घालतात, दोन दिवसांत वास जातो आणि माणसं पुन्हा जवळ बसू लागतात.

हे झालं शरीराचं. आता बोलण्याचं. बहुतेक घरांत ‘त्यांना सांगू नका’ असं ठरतं. तुमच्याही ठरलं असेल. माझं ठाम मत आहे की ७४ वर्षांच्या माणसाला त्याचं शरीर काय सांगतंय हे तुमच्याआधी कळलेलं असतं. तो तुमच्यासाठी गप्प असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी. उठून सगळं सांगून टाका असं मी म्हणत नाही. दार उघडून ठेवा. ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, आजार कुठवर आलाय?’ एवढं विचारा आणि मग खरंच गप्प बसा, उत्तराला अर्धं मिनिट लागलं तरी. ते म्हणाले ‘मला काही ऐकायचं नाही’ तर विषय संपला, तो त्यांचा हक्क आहे. ते म्हणाले ‘आता फार दिवस नाहीत’ तर ‘असं बोलू नका’ म्हणून दार आपटू नका. विचारा, ‘कशाची काळजी वाटतेय?’ बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: आईला कोण बघेल, धाकट्याशी बोलणं राहिलंय, गावचं घर, सातबारावरची नावं. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ताच, शुद्ध आहे तोवर. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलंही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, हा समज चुकीचा आहे, आणि भावंडांची तोंडं त्यावरूनच फिरतात.

त्याच बैठकीत व्हेंटिलेटरबद्दलही विचारून घ्या. अनेक वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत असलेल्या, मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा किलकिली केली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे शुद्ध नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता १८ वर्षांवरील, शुद्धीत असलेली कोणीही व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करू शकते. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागत नाही. त्यात निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावं, आणि कोणते उपचार नकोत हे स्पष्ट लिहा: व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, डायलिसिस, नळीने अन्न. प्रती घरच्या डॉक्टरांकडे, ज्यांची नावं लिहिलीत त्यांच्याकडे आणि महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. पुढे हॉस्पिटलात असताना उपचार काढायची वेळ आली तर तीन डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ मत देतं, दोघांनाही साधारण ४८ तासांची मुदत आहे. हे सगळं हॉस्पिटलसाठी. शुद्धीतला माणूस घरी राहून ‘मला दाखल करू नका’ म्हणतो, त्याला कुठल्याही मंडळाची गरज नाही. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. त्याची नि याची गल्लत घरच्यांनीही करू नये आणि डॉक्टरांनीही.

किती दिवस आहेत, असं सगळे विचारतात. तारीख कोणी सांगू शकत नाही, पण एक ठोकताळा चांगला चालतो. तब्येत महिन्यागणिक उतरत असेल तर महिने, आठवड्यागणिक तर आठवडे, रोजच्या रोज उतरत असेल तर दिवस, तासागणिक तर तास. परगावच्या भावंडांना रोज फरक दिसू लागला की बोलवा, तासांवर येईपर्यंत थांबू नका. कधी कधी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी माणूस एकदम तरतरीत होतो, चहा मागतो, नावाने हाका मारतो. तो सुधार नसतो. तो वेळ तपासण्यांत घालवू नका, त्यांच्याशी बोला.

शेवटच्या तीन-चार दिवसांत काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते, कारण न सांगितल्यामुळेच घरं घाबरतात आणि १०८ ला फोन करतात. फोन केला की अॅम्ब्युलन्सवाले त्यांचं काम करणारच: छाती दाबतील, हॉस्पिटलात नेतील. या अवस्थेतल्या शरीराच्या बरगड्या त्यात मोडतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवा: रात्री फोन कोणाला, घरचे डॉक्टर, पॅलिएटिव्ह टीम.

झोप दिवसाचे वीस तास होते. लघवी गडद आणि थोडी होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट नक्षी दिसते. जाड पांघरुणं टाकू नका, पेशंटला थंडी वाजत नसते. गेलेली आई दिसते, भाऊ दारात उभा दिसतो. ते शांत असतील तर खोडून काढू नका. घाबरत, ओरडत असतील तर त्यावर औषध आहे, सोसायची गरज नाही. श्वास बदलतो: भराभर, मग उथळ, मग दहा-वीस-तीस सेकंद काहीच नाही, मग पुन्हा एक खोल. प्रत्येक थांब्याला घरच्यांचा जीव वर-खाली होतो, पण पेशंट गुदमरत नसतो. त्यांच्या कपाळाकडे पाहा. कपाळ सैल असेल, आठ्या नसतील, कण्हणं नसेल, तर त्यांना त्रास नाही.

घशातली घरघर सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. गिळण्याची शक्ती गेल्यामुळे नेहमीची थुंकी घशात साचते आणि श्वासाबरोबर वाजते, बस. कुशीवर वळवा, डोकं किंचित उंच करा, बरेचदा आवाज तिथेच कमी होतो. ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन ब्युटाइलब्रोमाइडचं त्वचेखालचं इंजेक्शन उपयोगी पडतं, पण ते नवी थुंकी कमी करतं, साचलेली नाही. म्हणून आवाज सुरू झाल्या झाल्या कळवा, आठ तासांनी नको. सक्शन मशीन आणू नका, त्याची नळी खोलवर गेली की ठसका आणि रक्त, आराम नाही.

याच वेळी गंगाजल निघतं. द्या, जरूर द्या, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचा ओतू नका. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांना टेकवा, जिभेवर थेंबभर. चमचाभर पाणी थेट श्वासनलिकेत जातं आणि शेवटचा तास ठसक्यात जातो. जमिनीवर उतरवायची रीत असेल तर श्वास चालू असताना घाईने उचलू नका, पसरलेल्या कॅन्सरमध्ये हाडं दुखतात. प्राण गेल्यावर उतरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारा, बहुतेक गुरुजी आणि घरची मोठी माणसं हे मान्य करतात. हरिपाठ लावा, पण हळू आवाजात, आणि त्यांना आवडत असेल तरच. बोलत राहा. ऐकू येतं असं समजूनच बोला, आणि त्यांच्या डोक्याशी बसून खर्चाची चर्चा करू नका. नातवंडांना लांब पाठवू नका. आजोबा कसे दिसतील हे आधी सांगा, मोठं माणूस सोबत ठेवा, यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. ‘आजोबा झोपलेत’ असं मात्र सांगू नका, मूल नंतर झोपेलाच घाबरतं.

श्वास थांबला की पळापळ करायचं काही कारण नाही. वेळ पाहून लिहा. पापण्या मिटवून दोन-तीन मिनिटं हलकेच धरून ठेवा. कवळी असेल तर लगेच बसवा, तास-दोन तासांनी जबडा ताठरू लागला की बसत नाही. हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल, हातपाय सरळ. नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीला फोन पहिल्या अर्ध्या तासात, कारण सहा तासांत बुबुळं काढावी लागतात. पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. जठराच्या कॅन्सरने नेत्रदान सहसा अडत नाही, रक्ताच्या कॅन्सरने अडतं.

मग डॉक्टर. घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, पेशंटला शेवटच्या काळात पाहणाऱ्या डॉक्टरनेच द्यायचा असतो. इथेच सगळ्यात जास्त घरं अडकतात. ज्या डॉक्टरने पेशंट कधी पाहिलाच नाही तो सही करणार नाही, आणि करूही नये. मग पोलीस, पंचनामा, कधी शवविच्छेदनही. म्हणून घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना बोलवून पेशंट दाखवा, डिस्चार्ज कार्डाची प्रत त्यांच्याकडे ठेवा आणि स्पष्ट विचारा: ‘रात्री-बेरात्री झालं तर तुम्ही दाखला द्याल ना?’ ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरे शोधा, हातात वेळ आहे. स्मशानात तो दाखला आणि आधार कार्ड लागतं, तिथली पावती जपून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, त्यानंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, तलाठी, सगळीकडे लागतात.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, वहीसकट, ज्या केंद्रातून आणल्या तिथे परत करा. शेजारच्या कोणाची कंबर दुखते म्हणून त्यातली एकही गोळी देऊ नका.